गवत संपतं तिथे: वाळवंटी गोल्फ कोर्सची क्रमवारी

मंडळी, आजचा विषय भांडणाचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. क्रमवारी लावणारा माणूस कुणालाच आवडत नाही. ज्याचा लाडका कोर्स पाचवा आला, तो तर कायमचा वैरी होतो. तरी अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या, म्हणजे ॲरिझोना, नेवाडा, यूटा आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या पट्ट्यातल्या कोर्सबाबत मी हे धाडस करणार आहे. अट एकच: पैसे मोजले की कुणालाही खेळता आलं पाहिजे. फक्त सभासदांसाठी असलेले क्लब कितीही थोर असोत, आज त्यांना सुट्टी.

मासिकांच्या याद्या तुम्ही वाचल्या असतील. त्यात कोर्सची निगा, देखावा, इतिहास, असं सगळं तोलून गुण दिलेले असतात. ते चुकीचं नाही, पण बाहेरून आलेल्या खेळाडूच्या फारसं उपयोगाचंही नाही. हा माणूस तिथे एकदा खेळणार, फार तर दोनदा. कोर्स त्याला पाठ नसतो. टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिल्यावर पुढचा उतार कुठे वळतो ते त्याला ठाऊक नसतं, आणि बॅगेत चेंडू मोजकेच असतात. त्याच्या दृष्टीने प्रश्न एकच: गवत जिथे संपतं, तिथून पुढे काय होतं? माझी सगळी क्रमवारी या एका कडेवर उभी आहे.

आता ही कड आली कुठून? ॲरिझोनात ती बऱ्याच अंशी कायद्यातून आली. तिथे १९८० साली भूजलाचा कायदा झाला आणि फिनिक्सच्या आसपासच्या नव्या कोर्सना पाण्याचा कोटा ठरला. त्या कोट्यात साधारण ९० एकर गवत जगतं. नेहमीच्या अठरा होलांच्या कोर्सवर याहून बरंच जास्त गवत असतं. मग आराखडा काढणाऱ्यांनी केलं काय, तर गवताची बेटं केली. टीचं एक बेट, मग वाळवंट, मग फेअरवेचं, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याचं बेट, पुन्हा वाळवंट, मग ग्रीन, म्हणजे होल असलेली बारीक कापलेली हिरवळ. चेंडू एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उडवायचा. यालाच तिकडे ‘टार्गेट गोल्फ’ म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या कोचेला खोऱ्यात मात्र कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्याने येतं, त्यामुळे तिथले जुने कोर्स या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवेगार. ते सुंदर असतील, पण त्यांना वाळवंटी कोर्स म्हणायला माझी जीभ जरा अडखळते.

या कडेपाशी जरा थांबू. गवत संपलं की लगेच काटेरी झुडपं सुरू होत नाहीत. आधी खडीसारखी भरड माती लागते. तिच्याखाली चुन्याने घट्ट झालेला थर असतो, कॅलिची म्हणतात त्याला, आणि त्यावर पडलेला चेंडू कुठल्या कुठे उसळतो. त्यापुढे चोया निवडुंग. लांबून मऊ लोकर पांघरल्यासारखा दिसतो. जवळ जाऊन चेंडू उचलायला वाकलात की त्याचं एक कांडं सुटून हातमोज्याला किंवा पोटरीला चिकटतं. ते हाताने ओढायचं नाही, नाहीतर दुसऱ्या हातालाही चिकटेल. केस विंचरायचा कंगवा त्याच्याखाली सरकवायचा आणि झटक्यात उडवायचं. तिथले जुने खेळाडू बॅगेत कंगवा बाळगतात, तो यासाठी. सोबत एक जुनी, टाकाऊ आयर्नही, म्हणजे धातूच्या तोंडाची काठी, असते. खडीतून फटका मारताना चांगल्या काठीचं तोंड खरवडून घ्यायला कोण तयार होईल? आणि झुडपाखाली हात घालायचाच नाही. उन्हाळ्यात सावली फक्त आपल्यालाच हवी असते असं नाही, सापांनाही हवी असते.

सग्वारोची गोष्ट वेगळी. हा उंच, हात वर केलेला निवडुंग. त्याला पहिला हात फुटायलाच कित्येक दशकं लागतात. ॲरिझोनात त्याला कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून आराखड्यात त्याला वाट करून द्यावी लागते. काही सग्वारोंच्या खोडात चेंडू रुतलेले दिसतात. बिचाऱ्यांनी शंभर वर्षं उन्हात काढली, ती आपला स्लाइस, म्हणजे भरकटलेला फटका, झेलण्यासाठी!

नियमाचं एक सांगतो, कारण पैसे आणि फटके दोन्ही वाचतात. २०१९ पासूनच्या नियमांनुसार क्लबला वाळवंटी भाग लाल खुणांचा पेनल्टी एरिया ठरवता येतो. तसं असेल तर एक फटका दंड घ्यायचा आणि चेंडू जिथून आत गेला, त्या जागेपासून दोन काठ्यांच्या अंतरात दुसरा टाकायचा. मागे टीपर्यंत जायची गरज नाही. प्रत्येक क्लब तसं करतोच असं नाही. म्हणून खेळायला निघण्याआधी प्रो शॉपमध्ये, म्हणजे क्लबच्या दुकानात, विचारा.

आता क्रमवारी. पहिला वी-को-पाचा सग्वारो कोर्स. ॲरिझोनात फिनिक्सजवळच्या स्कॉट्सडेलच्या पूर्वेला फोर्ट मॅकडॉवेल यावापाई नेशनच्या जमिनीवर आहे. २००६ साली बिल कूर आणि बेन क्रेनशॉ या जोडीने तो आखला. आदिवासी जमिनीवर असल्यामुळे आजूबाजूला एकही बंगला नाही. हा मुद्दा किती मोठा आहे, ते स्कॉट्सडेलमध्ये कुणाच्या तरी स्विमिंग पूलशेजारून चेंडू उचलून आणल्यावर कळतं. कूर-क्रेनशॉंनी इथे जमीन फारशी हलवली नाही. फेअरवे भरपूर रुंद ठेवले, आणि एका ग्रीनवरून पुढची टी इतकी जवळ की चालत राउंड पुरा करता येतो. वाळवंटी कोर्समध्ये हे दुर्मीळ. बाकी ठिकाणी कार्टशिवाय पर्याय नसतो, कारण दोन होलांच्या मध्ये टेकडीच असते.

पण मी त्याला पहिला नंबर देतो तो कडेसाठी. इथे गवत एकदम तुटत नाही, हळूहळू विरळ होत जातं. थोडा वाकडा गेलेला फटका रेताड मातीत थांबतो. चेंडू सापडतो, उभं राहायला जागा असते आणि पुढचा फटका मारता येतो. शिक्षा होते ती कोन बिघडल्याची. चुकीच्या बाजूने ग्रीनवर यायचं, वाटेत बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, समोर उतार. म्हणजे चूक तुमच्याकडून पुढच्या फटक्यात वसूल केली जाते, चेंडू गिळून नाही. मला विचाराल तर चांगल्या कोर्सची यापेक्षा मोठी खूण नाही. याच क्लबचा दुसरा कोर्स, स्कॉट मिलर यांनी आखलेला चोया, जास्त नाट्यमय आहे. बरेच लोक त्यालाच वर ठेवतात. मी ठेवत नाही.

दुसरा स्कॉट्सडेलमधल्याच ट्रून नॉर्थचा मॉन्युमेंट. टॉम वाइसकॉफ आणि जे मॉरिश यांनी तो १९९० साली केला. वाइसकॉफ म्हणजे १९७३ची ब्रिटिश ओपन जिंकणारा खेळाडू, पुढे आराखडेकार झाला. इथे तिसऱ्या होलवर फेअरवेतच एक प्रचंड शिळा उभी आहे. हलवली नाही, तिच्याभोवती होल आखला. टार्गेट गोल्फ जर पाहायचाच असेल तर इथे पाहावा. बेटं स्पष्ट, मागे पिनॅकल पीकचा डोंगर, दगडांच्या राशी. पण कड इथे धारदार आहे. फेअरवे सुटला की खडक आणि चोया, मध्ये काही नाही. शिवाय कडेने घरं आहेत. वीसच्या वर हँडिकॅप असलेल्याने, म्हणजे कच्च्या खेळाडूने, ग्रीनला जवळच्या टीवरून खेळावं आणि लाज बाळगू नये.

तिसरा यूटातला ब्लॅक डेझर्ट. सेंट जॉर्जजवळ आयव्हिन्सला, २०२३ साली उघडला. वाइसकॉफचं हे अखेरचं काम. २०२२ साली ते गेले, आणि त्यांचे सहकारी फिल स्मिथ यांनी ते पूर्ण केलं. २०२४च्या ऑक्टोबरात तिथे पीजीए टूर या व्यावसायिक मालिकेतली स्पर्धाही झाली. हिरवं गवत, त्याला लागून काळ्या लाव्हाचे ढीग आणि मागे तांबडे कडे. फोटो वाईट काढणं अवघड आहे. लाव्हात गेलेला चेंडू मात्र विसरायचा. मग तिसरा कसा, म्हणाल. फेअरवे इतके रुंद आहेत की लाव्हापर्यंत पोहोचायला तुम्हाला खरंच वाईट फटका मारावा लागतो.

चौथा पीजीए वेस्टचा स्टेडियम कोर्स, कोचेला खोऱ्यातल्या ला किंटामध्ये. हा मी मुद्दाम वाद ओढवून घेण्यासाठी ठेवला असं वाटेल. पीट डाय यांनी १९८६ साली तो केला, छळवणुकीच्या हेतूने. १९८७ साली बॉब होप क्लासिकसाठी व्यावसायिक खेळाडू तिथे आले, आणि त्यांनी चक्क सह्यांचा अर्ज करून कोर्स स्पर्धेतून काढायला लावला. २०१६ साली तो परत आला. सोळाव्या होलच्या ग्रीनशेजारी सुमारे १९ फूट खोल बंकर आहे, त्याला सॅन आंद्रियास म्हणतात. आत उतरलात की वरचा झेंडा दिसत नाही, नुसतं आकाश दिसतं. पुढचा सतरावा, अल्कॅट्राझ, दगडांनी बांधलेलं बेटावरचं ग्रीन. १९८७च्या स्किन्स गेम या बक्षिसी सामन्यात ली ट्रेव्हिनोने तिथे एका फटक्यात चेंडू होलात घातला आणि त्याचे १,७५,००० डॉलर मिळाले. इथली कड वाळवंटाची नाही, माणसाने खोदलेली आहे. पाणी, खड्डे, रेल्वेचे स्लीपर. माझ्या निकषावर तो खरं तर खाली जायला हवा. तरी चौथा ठेवतो, कारण डायने वाळवंटात वाळवंटाचा आव आणला नाही. जे केलं ते उघड केलं.

पाचवा लास वेगास पायूट रिसॉर्टचा वुल्फ, हाही डाय यांचाच, २००१चा, आणि हीही आदिवासी जमीन. घरं नाहीत, वारा भरपूर. त्याच आवारातले स्नो माउंटन आणि सन माउंटन हे दोन कोर्स सोपे आहेत. सुट्टीवर असाल तर तेच घ्या. त्यानंतर पाम डेझर्टचा डेझर्ट विलो, जो पालिकेच्या मालकीचा आहे. खर्चाच्या मानाने त्याच्याइतकं चोख मिळणारं दुसरं ठिकाण कोचेला खोऱ्यात मला दिसत नाही.

टीपीसी स्कॉट्सडेलचं नाव अजून आलं नाही म्हणून काही जण अस्वस्थ झालेत. तिथला सोळावा होल जगप्रसिद्ध आहे. फिनिक्स ओपनच्या आठवड्यात भोवती तीन मजली स्टँड, सुमारे वीस हजारांचा आरडाओरडा. पण स्टँड तात्पुरते असतात. ते उतरवलेले असताना तिथे गेलात तर समोर असतो सुमारे १६० यार्डांचा, जेमतेम पार-थ्री, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचा होल. तेराव्याची गोष्ट अधिक मजेची. १९९९ साली टायगर वुड्सचा चेंडू वाळवंटात एका शिळेमागे थांबला. शिळा जमिनीत रुतलेली नसल्याने पंचांनी तिला सुटा अडथळा ठरवलं, आणि प्रेक्षकांनी ती ढकलून बाजूला केली. टायगरने बर्डी केली, म्हणजे होल ठरलेल्या फटक्यांहून एक कमी घेऊन संपवला. नियम तुम्हा-आम्हालाही तोच लागू आहे. डझनभर प्रेक्षक तेवढे आपले आपण आणायचे.

नेवाडातल्या मेस्किटचा वुल्फ क्रीक सर्वात शेवटी. डोंगरकड्यांवर टांगलेली ग्रीन, दरीत पडणारे फटके, डोळे दिपतात. नवख्याला दर दुसऱ्या टीवर वाट शोधावी लागते, राउंड रेंगाळतो आणि चेंडूंचा डबा संपतो. फोटोसाठी जा.

आणि शॅडो क्रीक? लास वेगासजवळ टॉम फॅझिओने १९८९ साली सपाट वाळवंट उकरून त्यात पाइनची जंगलं आणि ओढे उभे केले. एमजीएम कंपनीच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना खेळता येतो, आणि फी हजार डॉलरच्या वर जाते. कोर्स अप्रतिम आहे. पण तिथे कड दिसूच नये म्हणून एवढा खर्च केलाय. तो या यादीत बसत नाही, त्याला दुसऱ्या यादीत घाला.

प्रश्न आला आहे की कोणत्या महिन्यात जावं. ही क्रमवारीपेक्षा महत्त्वाची गोष्ट. तिथलं मूळ गवत बर्म्युडा. ते थंडीत पिवळं पडून झोपतं. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यावर रायगवताचं बी पेरतात, आणि त्यासाठी कोर्स दोन-तीन आठवडे बंद ठेवतात. उघडल्यावरही काही दिवस कार्ट फेअरवेवर नेता येत नाही. बुकिंग करताना ही तारीख विचारली नाही तर कार्टच्या रस्त्यापासून चेंडूपर्यंत चालण्यातच दिवस जातो. जानेवारी ते मार्च हवा उत्तम आणि फी सर्वांत जास्त, त्यातही सकाळी दव गोठलेलं असलं तर सुरुवात उशिरा होते. उन्हाळ्यात तोच कोर्स निम्म्याहून कमी पैशांत मिळतो, पण २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३च्या खाली उतरला नव्हता, म्हणजे दुपारच्या कमाल तापमानाबद्दल बोलतोय. मग पहिल्या उजेडाची खेळायची वेळ घ्यायची आणि अकराच्या आत आवरायचं.

माझ्या मते एप्रिलचा उत्तरार्ध ठीक. रायगवत अजून शाबूत असतं, फी उतरू लागते, आणि पालोव्हर्देची झाडं पिवळ्या फुलांनी भरलेली असतात. फक्त त्या फुलांचा सडा पडलेला असताना पिवळा चेंडू खेळू नका.