लपलेलं लग्न

नेच्याचं, म्हणजे फर्नचं, हे पान उलटं करू या. मागे तपकिरी ठिपके, शिवणीच्या टाक्यांसारखे ओळीत बसलेले. कीड पडली म्हणून कुंडीतली अशी पानं खुडणारे पुष्कळ भेटतात. पण ही कीड नव्हे. एकेका ठिपक्यात बारीक पिशव्यांचा घोस, आणि पिशव्यांत धुळीसारखे बीजाणू. हवा कोरडी झाली की पिशवीवरचं कडं सुकत सुकत मागे वाकतं आणि एकदम झटक्यानं परततं. गोफण सुटावी तसे बीजाणू उडतात.

अशा बिनफुलांच्या वनस्पतींना क्रिप्टोगॅम म्हणतात. नावामागे कार्ल लिनियस हा स्वीडिश गृहस्थ आहे. १७३५ मध्ये त्यानं वनस्पतींचे २४ वर्ग पाडले, तेही फुलातले पुंकेसर मोजून. भाषा सगळी लग्नघरातली! एक पुंकेसर म्हणजे एक नवरा, दोन म्हणजे दोन. नेचे, शेवाळं, बुरशी यांच्यापाशी मात्र मोजायला काहीच नव्हतं. मग ही सगळी मंडळी त्यानं शेवटच्या, चोविसाव्या वर्गात घातली : क्रिप्टोगॅमिया. ग्रीकमध्ये क्रिप्टोस म्हणजे लपलेलं, गॅमोस म्हणजे लग्न. बुरशीची गणना आता वनस्पतींत होत नाही, ते सोडा.

लग्न लागत होतं, पण भलत्याच ठिकाणी. बीजाणू ओल्या मातीत पडला की त्यातून लगेच नेचा येत नाही. येतो नखापेक्षाही लहान, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा. त्याच्या पोटाशी नर आणि मादी अवयव असतात. पावसाचं पाणी साचलं की नरपेशी त्यातून पोहत अंडपेशी गाठतात, आणि तिथून नवा नेचा वर येतो. जीवनाचा हा दुपेडी क्रम शेवाळींपासून सूचिपर्णी झाडांपर्यंत १८५१ मध्ये जुळवून दाखवला विल्हेल्म होफमाइस्टरनं. लायप्झिगचा हा माणूस कॉलेजात नव्हे, वडिलांच्या संगीत-पुस्तकांच्या धंद्यात वाढलेला.

गंमत बघा. फुलझाडांना नाव मिळालं फॅनेरोगॅम, म्हणजे उघड लग्नवाले. त्यांचं मीलन होतं बीजांडाच्या आत, बंद दाराआड. नेच्याचं मात्र उघड्यावर, पावसाच्या थेंबात.

मराठी शाळेच्या पुस्तकात क्रिप्टोगॅमना अबीजपत्री म्हणतात. बीजपत्र म्हणजे बीजातलं पहिलं पान. बीजच नाही, तर बीजपत्र कुठलं? १७८९ मध्ये पॅरिसच्या जुस्यू या वनस्पतिशास्त्रज्ञानंही बीजपत्रं बघूनच वनस्पतींची वाटणी केली होती. आपला शब्द त्याच्या वळणाचा. त्यात नवराही नाही नि नवरीही नाही.