एलियन ३ वरून अजूनही भांडणं का होतात

मंडळी, इथे बसलेल्या बहुतेकांनी सिनेमा बघितलेला आहे असं धरून चालतो, त्यामुळे स्पॉयलरची काळजी न करता थेट मुद्द्यावर येतो. १९९२ च्या मे महिन्यात 'एलियन ३' अमेरिकेत रिलीज झाला. त्याला तीस वर्षं कधीच उलटून गेली, तरी आजसुद्धा दोन फॅन भेटले आणि या सिनेमाचा विषय निघाला की पाच मिनिटांत आवाज चढतात. एक म्हणतो या सिनेमाने आधीच्या सगळ्यावर पाणी फिरवलं, दुसरा म्हणतो अख्ख्या सिरीजमधला सगळ्यात धाडसी सिनेमा हाच. आणि दोघंही पोटतिडकीने बोलत असतात, उगाच वाद घालायचा म्हणून नाही. मला हे नेहमी फार महत्त्वाचं वाटत आलंय, कारण साध्या वाईट सिनेमावरून कोणी इतकी वर्षं भांडत नाही, वाईट सिनेमा लोक विसरून जातात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे भांडण वरवर तिसऱ्या भागाचं दिसतं पण त्याचं मूळ पहिल्या दोन भागांत आहे. १९७९ चा रिडली स्कॉटचा 'एलियन' आणि १९८६ चा जेम्स कॅमेरॉनचा 'एलियन्स', दोन्हीत नायिका रिप्ली आहे, दोन्हीत माणसाच्या शरीरात वाढून छाती फाडून बाहेर येणारा तोच परग्रही प्राणी आहे, तीच कंपनी आहे, पण आत शिरून बघितलं तर हे दोन सिनेमे जगाबद्दल अगदी उलट गोष्टी सांगतात. पहिल्यात सात माणसं एका मालवाहू जहाजावर आहेत, पगार आणि बोनसवरून कुरकुर करणारी साधी कामगार माणसं, आणि कंपनीने आधीच ठरवलेलं असतं की तो प्राणी परत आणायचा, माणसं मेली तरी चालतील. तिथे शौर्याने फार फरक पडत नाही. रिप्ली वाचते ती डोकं शांत ठेवल्यामुळे आणि थोड्या नशिबाने. दुसरा भाग मात्र म्हणतो की नाही, लढता येतं, माणसं वाचवता येतात, आणि तुटलेल्या माणसालासुद्धा पुन्हा घर मिळू शकतं.

घर म्हणजे काय ते नीट बघा. पहिल्या भागानंतर रिप्ली ५७ वर्षं अंतराळात झोपलेली असते. नंतर आलेल्या स्पेशल एडिशनमध्ये एक सीन आहे, तिला सांगतात की तुझी मुलगी अमांडा ६६ व्या वर्षी वारली. म्हणजे जिच्या वाढदिवसाला परत येते म्हणून ही आई निघाली होती ती मुलगी म्हातारी होऊन गेलीसुद्धा. मग तिला न्यूट भेटते, आईबाप गेलेली, व्हेंटच्या डक्टमधून लपून जगलेली पोरगी. रिप्ली जिवाच्या आकांताने परत खाली जाते ती या पोरीसाठी. शेवटी न्यूट विचारते, मी स्वप्नं बघू शकते का, आणि रिप्ली म्हणते हो, आपण दोघीही बघू शकतो. सैनिक हिक्स शेजारी झोपलेला, यंत्रमानव बिशप अर्धा तुटलेला पण शाबूत. बास, सिनेमा संपतो.

आता तिसरा भाग कसा सुरू होतो? अगदी पहिला धक्का तर नाव यायच्याही आधी बसतो, फॉक्स स्टुडिओची ती नेहमीची ट्यून वाजत असते आणि संपता संपता शेवटचा सूर लागायच्या जागी अडकून बेसूर होत जाते, संगीतकार एलियट गोल्डेंथलचं ते काम आहे आणि मला ते अफाट आवडतं, कारण स्टुडिओच्या लोगोवरच तुम्हाला कळतं की या वेळी काही धड होणार नाहीये. मग टायटल्स सुरू, मध्ये मध्ये तुकडे दिसतात, अंडं, काचेला तडा, आग, आणि रिप्लीची सुटका नौका फ्युरी नावाच्या तुरुंगग्रहावर कोसळते. टायटल्स संपेपर्यंत न्यूट मेलेली आहे. हिक्स मेलेला आहे. दोघांनाही झोपेतच मरण येतं, त्यांना एक शब्द बोलायला मिळत नाही, लढणं तर लांबच राहिलं.

ज्यांनी 'एलियन्स' डोक्यावर घेतला होता त्यांच्यासाठी हा हातातोंडाशी आलेला घास काढून घेण्याचा प्रकार होता, आणि यात त्यांचं काही चुकलेलं नाही. सिक्वेल पुढची गोष्ट सांगतो असं आपण म्हणतो पण खरं तर तो मागचीही बदलतो. १९९२ नंतर तुम्ही दुसरा भाग कितीही वेळा लावा, रिप्ली त्या पोरीला उचलून पळत असते आणि तुमच्या मनात कुठेतरी माहिती असतं की याचा काही उपयोग नाही. हे दुखणं साधं नाही. कॅमेरॉनने स्वतःसुद्धा या निर्णयाबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवलेली आहे. शिवाय १९८८ पासून डार्क हॉर्सच्या कॉमिक्समध्ये हिक्स आणि मोठी झालेली न्यूट यांची पुढची गोष्ट चालू होती, लोक ती वाचत होते, आणि सिनेमा आल्यावर पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्याच पात्रांची नावं बदलून विल्क्स आणि बिली करावी लागली! म्हणजे लोकांनी मनात पुढचं आयुष्य रचून ठेवलेलं होतं आणि ते अधिकृतपणे पुसलं गेलं. त्यात भर म्हणजे सुरुवातीच्या टीझरने सुचवलं होतं की गोष्ट या वेळी पृथ्वीवर येणार. लोक काय डोक्यात घेऊन थिएटरात गेले आणि समोर काय आलं, टक्कल केलेले कैदी, गंजलेलं लोखंड, आणि अख्ख्या ग्रहावर एक बंदूक नाही.

आता दुसरी बाजू, आणि मी या बाजूचा आहे हे लपवत नाही.

तिसऱ्या भागावर नेहमीचा आरोप असतो की मरण स्वस्तात उरकलं. टायटल्सपुरतं बोलायचं तर मान्य, ते फार घाईत झालंय. पण त्यानंतर लगेच शवविच्छेदनाचा सीन आहे, तो एकदा लक्ष देऊन बघा. रिप्ली नुकतीच शुद्धीवर आलेली आहे. डॉक्टर क्लेमेन्स, म्हणजे चार्ल्स डान्स, तिला सांगतो की मुलगी बुडून गेली. आणि रिप्ली म्हणते तिची छाती उघडा. कारण काय तर कॉलरा असू शकतो, असं ती खोटं सांगते, आणि तो म्हणतो की कॉलऱ्याची एकही केस गेल्या दोनशे वर्षांत नोंदलेली नाही. तरी तो हत्यारं उचलतो, कारण या बाईला काहीतरी भयंकर माहिती आहे एवढं त्याला कळतं. पुढचं जवळजवळ सगळं आपल्याला आवाजातून आणि सिगर्नी वीव्हरच्या चेहऱ्यावरून कळतं. तिला या पोरीसाठी रडायचंय आणि त्याच क्षणी त्याच पोरीच्या शरीराची तिला भीतीही वाटतेय, आणि या दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यावर एकाच वेळी चालू आहेत, मला हॉरर सिनेमात इतकं खरं दुःख फार क्वचित दिसलंय. पोरीच्या छातीत काही सापडत नाही. तो जीव कुठे आहे ते पुढे कळतं, रिप्लीच्या स्वतःच्या छातीत, आणि तो साधा नाही तर अंडी घालणारी राणी आहे. म्हणजे जिने मुलीच्या शरीरात शोधलं तिच्यातच तो वाढत होता. हे कळल्यावर तो शवविच्छेदनाचा सीन परत आठवून बघा, अंगावर काटा येतो.

मग कैद्यांचा धार्मिक नेता डिलन, म्हणजे चार्ल्स डटन, दोघांचे मृतदेह भट्टीत सोडताना बोलतो, निष्पाप लोकांना शिक्षा का असा सरळ प्रश्न विचारतो, आणि त्याच वेळी दुसरीकडे नवा प्राणी जन्माला येतोय. खुनी आणि बलात्कारी माणसं एका अनोळखी पोरीसाठी मान खाली घालून उभी आहेत. जो सिनेमा मरणाला इतकी जागा देतो त्याला स्वस्त कसं म्हणायचं?

तर मुद्दा असा की या सिनेमाने दुसऱ्याचं बोट सोडून पहिल्याचं धरलं. एकच प्राणी, शस्त्रं नाहीत, कंपनी तीच, माणसं टाकाऊ. ज्यांना पहिला भाग जास्त जवळचा होता त्यांना इथे ओळखीचं जग परत मिळालं. आपल्याकडे अनेकांनी हे सिनेमे केबलवर लागतील तसे, उलटसुलट क्रमाने बघितलेत, आणि मला हा फरक बोलताना स्पष्ट जाणवतो, ज्याने न्यूटवर आधी जीव लावला तो बहुधा माफ करत नाही, आणि ज्याला तिसरा भाग आधी भेटला त्याला रिप्लीची गोष्ट इथेच पूर्ण झाल्यासारखी वाटते.

आता हेही खरं की सिनेमा बनताना झालेले हाल पडद्यावर दिसतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. सात सुगरणी भाजी अळणी म्हणतात तसं. विल्यम गिब्सनने स्क्रिप्ट लिहिली, ती गेली. डेव्हिड टूहीने तुरुंग आणला, व्हिन्सेंट वॉर्डने लाकडी ग्रह आणि त्यावरचे मठवासी आणले, तोही बाहेर पडला, मग वॉल्टर हिल आणि डेव्हिड गायलर यांनी तुरुंग आणि मठ एकत्र करून धार्मिक कैदी तयार केले. स्क्रिप्ट पूर्ण नसताना सेट उभे राहत होते. आणि दिग्दर्शक कोण तर डेव्हिड फिंचर, विशीतला, म्युझिक व्हिडिओ आणि जाहिराती करून आलेला, पहिलाच सिनेमा. स्टुडिओशी त्याचं सतत वाजत राहिलं आणि त्याने पुढे हा सिनेमा जवळजवळ नाकारलाच. प्राण्याचे काही शॉट्स तर खरोखर वाईट आहेत, लोक त्याला खराब सीजी, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेलं काम म्हणतात पण बहुतेक ठिकाणी ती काठ्यांनी हलवलेली बाहुली आहे, वेगळी शूट करून चिकटवलेली, आणि तिच्यावरचा प्रकाश मागच्या सीनशी जुळत नाही म्हणून ती तरंगल्यासारखी दिसते.

२००३ मध्ये डीव्हीडी सेटवर असेंब्ली कट आला, थिएटरवाल्यापेक्षा अर्ध्या तासाने मोठा. फिंचर त्यात सहभागी नव्हता, पण त्याच्या मूळ आराखड्याच्या जवळ जायचा तो प्रयत्न आहे. त्यात प्राणी कुत्र्याऐवजी बैलातून जन्मतो, कैदी त्याला एकदा पकडतात सुद्धा, आणि गॉलिक नावाचा भ्रमिष्ट कैदी त्याला सोडून देतो. थिएटरमधल्या व्हर्जनमध्ये हा गॉलिक मध्येच गायब होतो, त्याचं पुढे काय झालं कळतच नाही. या कटमुळे बरेच लोक दुसऱ्या बाजूला आले. पण सगळे आले नाहीत, आणि येणारही नाहीत, कारण न्यूट त्यातही मेलेलीच आहे. इथेच कळतं की राग एडिटिंगवर नव्हता.

म्हणून हिक्सला परत आणायचे प्रयत्न थांबत नाहीत. २०१३ च्या कलोनियल मरीन्स गेममध्ये तो जिवंत दाखवला, २०१५ मध्ये दिग्दर्शक नील ब्लॉमकॅम्प त्याला घेऊन नवा सिनेमा करणार होता तो बारगळला, आणि २०१९ मध्ये गिब्सनची जुनी स्क्रिप्ट ऑडिओ नाटक म्हणून आली, हिक्स आणि बिशप साकारणाऱ्या मायकल बीन आणि लान्स हेन्रिक्सन यांच्याच आवाजात. मला हे बघून आनंद होतो, खरंच. ज्यांना ते कुटुंब हवंय त्यांनी ते घ्यावं.

मला स्वतःला मात्र फ्युरीवरची रिप्ली हवी आहे. शेवटी कंपनीचा माणूस बिशपचा चेहरा घेऊन येतो, आम्ही तो जीव काढून टाकू, तुला मुलंबाळं होतील, आयुष्य मिळेल असं सांगतो. म्हणजे दुसऱ्या भागाने तिला जे दिलं होतं नेमकं तेच तिच्यासमोर धरतो, आणि ती नाही म्हणते कारण देणारा कोण आहे हे तिला माहिती आहे. थिएटरवाल्या व्हर्जनमध्ये भट्टीत पडताना तिच्या छातीतून राणी बाहेर येते आणि ती तिला घट्ट धरून ठेवते, असेंब्ली कटमध्ये तसं काही होत नाही, ती हात पसरून नुसती मागे पडते. मी या दुसऱ्या शेवटाच्या बाजूने आहे, कारण पहिल्या शेवटात तो जीव तसाही बाहेर येणारच होता, ती तशीही मरणारच होती, आणि दुसऱ्यात तिच्याकडे अजून वेळ शिल्लक असतो तरी ती उडी घेते. चहापाण्यानंतर दोन्ही शेवट लागोपाठ दाखवणार आहोत, मग बोला, आणि ज्यांना अजून राग आहे त्यांनी आधी बोला.