गांजा औषध आहे का? आधी मात्रा सांगा

नमस्कार मंडळी. मागचा व्हिडिओ अँटिबायोटिक्सवर होता आणि खाली कमेंट्समध्ये भांडण पेटलं गांजावरून. कुठून कुठे गेलात! एकाने लिहिलंय, "ताई, फिरवाफिरवी नको, मेडिकल गांजा कायदेशीर व्हावा की नाही, हो की नाही तेवढं सांगा." सांगते. पण त्या प्रश्नातच एक गोम आहे आणि आज मी त्या गोमेवरच बोलणार आहे.

पाठ्यपुस्तक भराभर उरकू. या झाडात कॅनाबिनॉइड्स नावाचे शंभराहून जास्त घटक असतात. आपल्याला दोनच पुरेत. टीएचसी नशा आणतं, सीबीडी आणत नाही. टीएचसी जिथे जाऊन बसतं ते रिसेप्टर्स आपल्या मेंदूत आधीपासून आहेत. शरीर स्वतःही तसलाच एक पदार्थ बनवतं. तो १९९२ मध्ये सापडला आणि शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं आनंदामाइड, संस्कृतातल्या 'आनंद'वरून. झालं, पुढे चला.

आणि 'कायदेशीर' म्हणजे नेमकं काय, तेही घाईतच. जवळ सापडला तर तुरुंग नाही, ही एक गोष्ट. डॉक्टरांनी लिहून दिला तर मिळतो, ही दुसरी. दुकानात कुणालाही मिळतो, ही तिसरी. कमेंट्समधली निम्मी भांडणं अशी आहेत की एकजण दुसऱ्या गोष्टीबद्दल बोलतोय आणि समोरचा तिसऱ्या गोष्टीवरून शिव्या देतोय. 'संयुक्त राष्ट्रांनी गांजाला परवानगी दिली' असं लिहिणारे तर दर आठवड्याला भेटतात. डिसेंबर २०२० मध्ये मतदान झालं ते खरं, २७ विरुद्ध २५ असं काठावरचं. त्यात अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या करारातल्या सर्वांत कडक यादीतून कॅनाबिस, म्हणजे गांजाच, काढलं गेलं. पण त्याच करारातल्या पहिल्या यादीत ते आजही आहे. म्हणजे वैद्यकीय उपयोग असू शकतो एवढं मान्य झालं, नियंत्रण सुटलेलं नाही.

आता गोम. आपण मराठीत काय म्हणतो? मात्रा लागू पडली. मात्रा! या वादात तोच शब्द कुणी काढत नाही. गांजा औषध आहे का, हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कोणता घटक, किती मिलिग्रॅम, कुठल्या आजारावर?

चॅनेलच्या आधी मी काही वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभी असायची, म्हणून त्याच बाजूने दाखवते. समजा उद्या सगळं कायदेशीर झालं. डॉक्टर चिठ्ठीवर काय लिहिणार? 'गांजा, चवीनुसार'? भाजीत मीठ घालायचंय का? एका रोपात टीएचसी किती, शेजारच्या रोपात किती, यात प्रचंड फरक असतो. ओढला तर काही मिनिटांत चढतो. खाल्ला तर अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कितीही वेळ लागतो आणि तोवर 'काहीच होत नाहीये' म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो. मग रात्री अडीचला मला मेसेज येतो. मी डॉक्टर नाही हो, तब्येत बिघडली तर दवाखान्यात जा!

हेच जरा दुसरीकडून बघू. लहान मुलांच्या फिट्सचे काही फार अवघड प्रकार असतात. ड्रॅव्हे सिंड्रोम हा त्यातला एक. २०१७ मध्ये त्यावर सीबीडीची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली, १२० मुलं-तरुणांवर. सीबीडी घेणाऱ्यांच्या मोठ्या झटक्यांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर अगदी मधोमध येणारा आकडा, महिन्याला १२.४ वरून ५.९ वर आला. नुसतं दिसायला तसंच, बिनऔषधाचं द्रावण घेणाऱ्यांचा १४.९ वरून १४.१ वर. ज्या घरात मूल दिवसाआड पडतं, त्या घराला विचारा या आकड्याची किंमत. २०१८ मध्ये अमेरिकेत ते औषध मंजूर झालं. म्हणून 'गांजात औषधी काहीच नाही, सगळी थेरं' म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

पण थांबा, उड्या मारू नका. चाचणीतला डोस होता दिवसाला किलोमागे २० मिलिग्रॅम. मूल वीस किलोचं असेल तर रोज ४०० मिलिग्रॅम. आता ही बाटली बघा, एका प्रेक्षकाने फोटो पाठवलाय. [फोटो स्क्रीनवर] आख्ख्या बाटलीत ३०० मिलिग्रॅम आणि वर सल्ला, रोज पाच थेंब. म्हणजे त्या मुलाचा एका दिवसाचा डोससुद्धा सगळी बाटली तोंडात ओतून पुरा होणार नाही! नाव तेच, सीबीडी. मात्रा कुठे आहे? त्यात लेबलचा भरवसा नाही. ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली, तीही २०१७ मध्येच. लेबलवरचा आकडा जेमतेम ३१ टक्क्यांमध्ये बरोबर निघाला. अठरांमध्ये टीएचसी सापडलं.

तिसरी गोष्ट घरातली आहे. मावशीची केमो चालू होती आणि उलट्यांनी ती पार गळून गेली होती. मावसभाऊ एक ड्रॉपरची बाटली घेऊन आला. 'शंभर टक्के नैसर्गिक' एवढंच लिहिलेलं. मी विचारलं, किती द्यायचं? "दोन-तीन थेंब, बरं वाटेल तसं." मी तो ड्रॉपर बशीवर दाबून पाहिला. एक थेंब मटकीएवढा, पुढचा वाटाण्याएवढा. मावशीला रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू होती आणि सीबीडी तिचा परिणाम वाढवू शकतं. हे कुणाच्या गावीही नव्हतं. मी आरडाओरडा केला, भाऊ आठवडाभर बोलला नाही. डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी उलटीची गोळी बदलली आणि मावशी दोन घास खायला लागली. मजा म्हणजे केमोच्या उलट्यांसाठी टीएचसीची कॅप्सूल अमेरिकेत १९८५ पासून मंजूर आहे, अडीच, पाच आणि दहा मिलिग्रॅममध्ये. डॉक्टर आधी इतर औषधं वापरून बघतात, पण आहे. आकड्यासकट आहे.

"नैसर्गिक आहे, अपाय कसा होईल" असं लिहिणाऱ्यांनो, धोतराही नैसर्गिक आहे. मॉर्फिन अफूतून येतं, म्हणून ऑपरेशननंतर कुणी पेशंटच्या उशाशी अफूचं बोंड ठेवत नाही.

कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मला पूर्ण पटतो. आधी कडक यादीत टाकायचं, त्यामुळे संशोधनाची परवानगी मिळता मिळत नाही, आणि मग म्हणायचं संशोधन कुठे आहे? ही लबाडी आहे. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये मतदान घेऊन मेडिकल गांजाला वाट दिली ती याच वैतागातून. पण औषध मतपेटीतून आलं तर मात्रा ठरवायची कुणी? तिथे डॉक्टर रीतसर प्रिस्क्रिप्शन देत नाहीत, नुसती शिफारस करतात.

आणि ते 'गांजा आला की वेदनाशामकांच्या ओव्हरडोसचे मृत्यू घटतात' हे फॉरवर्ड करणं थांबवा बुवा. २०१४ च्या अभ्यासात मेडिकल गांजाचे कायदे असलेल्या अमेरिकेतल्या राज्यांत हे मृत्यू जवळपास २५ टक्के कमी दिसले होते. २०१९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच पद्धत २०१७ पर्यंतच्या आकड्यांना लावली, तर चित्र उलटं, सुमारे २३ टक्के जास्त! गांजामुळे वाढले असंही त्यांनी म्हटलं नाही. असल्या तुलनेतून कुणा एका पेशंटबद्दल काही ठरत नाही, एवढंच.

तर, हो की नाही? माझ्याकडून हो. चाचणीतून गेलेलं, मिलिग्रॅम लिहिलेलं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं, त्याला हो. पंचवीस रोगांवर एकच थेंब विकणाऱ्याला नाही. मनोविकाराचा इतिहास असलेल्या घरातल्या पोराच्या हातात टीएचसी देणाऱ्याला तर अजिबातच नाही.

बाटल्यांचे फोटो पाठवत राहा, बघते मी. फक्त मागची बाजू पाठवा. पुढे सगळ्यांच्याच गांजाचं पान छापलेलं असतं.