गाडीत पेट्रोलचा वास : आधी विचारा, कधी येतो?

(लातूर येथे वाहनचालक आणि गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, आपल्याकडं लग्नसराई आणि 42-43 अंशांचं ऊन एकदमच येतं. याच दिवसांत गॅरेजवर एक तक्रार वाढते : "मिस्त्री, गाडीत पेट्रोलचा वास यायलाय बघा." बऱ्याच जणांनी तोवर डॅशबोर्डवर सेंटची बाटली चिकटवलेली असते. ती आधी काढा. बिघाड कुठं आहे हे सांगणारी पहिली खूण तो वासच आहे. तोच झाकला, तर मिस्त्रीनं शोधायचं कशावरून?

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती सीटखाली, स्टेपनीच्या खड्ड्यात साठून राहते. हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोचलं की पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. उणे 40 अंशांच्या थंडीतही पेट्रोलला पेटण्यापुरती वाफ सुटते. आपल्या उन्हात काय होत असेल ते तुम्हीच ओळखा. शिवाय पेट्रोलमध्ये थोडं बेंझीन असतं, आणि ते कॅन्सरला कारण ठरतं. मागं बसलेलं पोरगं ओकायला लागलं की आपण म्हणतो, त्याला गाडी लागते. मला वाटतं, दरवेळी एकदा मागची सीट हुंगून बघावी. आपलं नाक काही मिनिटांत वासाला सरावतं, त्यामुळे चालवणाऱ्याला तो कळेनासा होतो. बाहेरून येऊन दार उघडणाऱ्याला विचारा.

आता मुद्द्याचं. पाना हातात घ्यायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा : वास कधी येतो?

टाकी फुल केल्यावर येतो आणि अर्ध्यावर आली की जातो, असं उत्तर आलं तर बिघाड टाकीच्या वरच्या भागात आहे असं धरून चाला. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत इंजिनाकडं पेट्रोल ढकलणारा पंप टाकीच्या आतच असतो आणि त्याचं झाकण मागच्या सीटखाली सापडतं. पंप बदलताना जुनीच ओ-रिंग, म्हणजे गळती अडवणारं गोल रबर, परत बसवली किंवा झाकणाची रिंग नीट आवळली नाही, तर टाकी काठोकाठ असताना तिथून पेट्रोल पाझरतं. चढावर आणि वळणावर वास वाढतो. सीट उचला, झाकणाभोवती ओलसर धूळ चिकटलेली दिसली की समजा सापडलं. तिथं कोरडं असेल तर पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत येणारा रबरी पाईप आणि त्याच्या क्लिपा बघा.

टाकीला जोडलेला आणखी एक भाग असतो, चारकोल कॅनिस्टर. टाकीतली वाफ बाहेर सोडू नये म्हणून ती या कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात. इंजिन चालू असताना पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे या डब्याची झडप, उघडतो आणि इंजिन ती वाफ ओढून जाळतं. कोळसा वाफेसाठी आहे, पातळ पेट्रोलसाठी नाही. पंपावर नोझल आपोआप बंद पडतं, तरी "दादा, राऊंड फिगर करू का?" म्हणून पोरगं आणखी दोन धारा सोडतं आणि आपण हो म्हणतो. ते जादा पेट्रोल कॅनिस्टरमध्ये उतरू शकतं. कोळसा एकदा भिजून खराब झाला की डबाच बदलावा लागतो. म्हणून नोझल थांबलं की आपणही थांबायचं.

ब्लोअर लावला की वास येतो, असं उत्तर असेल तर पुढं बघा. केबिनमध्ये येणारी हवा समोरच्या काचेच्या खालच्या जाळीतून, म्हणजे बोनेटच्या अगदी मागून घेतली जाते. आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा. वास कमी झाला तर गळती बहुधा इंजिनाच्या बाजूला आहे. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या ओ-रिंगा, रेलला (इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीला) येणारा पाईप, त्याचे जोड तपासा. आणि उंदीर! शेताच्या कडेला, गोठ्याजवळ गाडी उभी राहते, तिथं ते बोनेटखाली शिरून रबर कुरतडतात. पाईपवर दाताच्या खुणा शोधा.

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्या उसाचा त्यात वाटा आहे आणि मला त्याचं समाधान वाटतं. पण जुन्या गाड्यांचं रबर या मिश्रणासाठी बनलेलं नव्हतं. जुनी गाडी असेल तर पाईप हातानं दाबून बघा. कडक झालेला, चिरलेला किंवा फुगलेला असेल तर गळायची वाट न बघता बदला.

डिझेल गाडीत उरलेलं डिझेल परत नेणारा रिटर्न पाईप आणि फिल्टरचं घर आधी बघावं. सीएनजीला मुद्दाम उग्र वास घातलेला असतो. तो आला की काचा उघडा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठं येतात ते जाणकाराकडून बघून घ्या. पेट्रोलऐवजी धुराचा वास असेल तर ती सायलेन्सरच्या लाईनची गळती. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, गाडी चालवूच नका.

पोरांनो, दुरुस्तीचं तुमच्यासाठी. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत लाईनमध्ये साधारण 3 ते 4 बार दाब असतो. चालू इंजिनावर जोड सोडला तर पेट्रोलचा फवारा तापलेल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, जातो. पंपाचा फ्यूज काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. काम उघड्यावर, सावलीत करा. वायरला लोंबणारा बल्ब नको, सेलची बॅटरी वापरा. पावडरचं अग्निशमन नळकांडं हाताशी ठेवा; पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर आग पसरते. पाण्याचा पाईप, टेप, पुट्टी यातलं काहीही या लाईनला लावू नका. पेट्रोल इंजेक्शनसाठीचाच पाईप आणि नवी क्लिप घ्या.

काम झालं की सेल्फ न मारता नुसती चावी फिरवा. बऱ्याच गाड्यांत पंप दोनेक सेकंद चालून दाब भरतो. तेवढ्यात प्रत्येक जोडावर उजेड टाकून ओल दिसते का बघा. वास फुल टाकीवरच येत होता, तर नोझल थांबेपर्यंत टाकी भरून गाडी रात्रभर काचा लावून ठेवा आणि सकाळी गाडीमालकाला सांगा, आधी तुम्ही दार उघडा.