पिंजर, कामट्या आणि नेवऱ्या : बेळगाव सीमाभागातला घरचा नाताळ

(दृश्य : खानापूर तालुक्यातील एक खळे. धुके अजून विरलेले नाही.)

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बेळगावहून खानापूरकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंची शेते कापणी होऊन मोकळी झालेली दिसतात, खळ्यांवर मळणी चाललेली असते आणि मळून झालेल्या भाताचे सोनेरी पिंजर परड्यात रचून ठेवलेले असते. यातली एक पेंढी या घरातल्या आजींनी बाजूला काढून पडवीच्या आढ्याला बांधून ठेवली आहे. कशासाठी, असे विचारले तर त्या म्हणतात, "गोठ्यासाठी." गुरांचा गोठा परड्यात आहेच, पण आजी बोलत आहेत तो गोठा येशूजन्माच्या देखाव्यातला, जेमतेम दीड हात लांबीचा असून तो बाहेरच्या खोलीत, खिडकीखालच्या जुन्या ट्रंकेवर उभा राहणार आहे.

नाताळ हा शब्दच मुळी पोर्तुगीज. गोव्यातून घाट चढून आलेल्या कॅथलिक कुटुंबांबरोबर तो खानापूर, लोंढा आणि बेळगावच्या कॅम्प भागात रुळला, आणि ही घरे आजही घरात कोकणी, बाजारात मराठी आणि कचेरीत कन्नड अशा तीन भाषांत सहज वावरतात. प्रोटेस्टंट परंपरा इथे वेगळ्या वाटेने आली. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात 1820 मध्ये सुरू झाले, पुढे ते मेथडिस्ट मिशनकडे गेले, आणि त्या परंपरेतील अनेक घरांची भाषा मराठी किंवा कन्नड आहे. कॅम्पमधील सेंट पॉल्स ही शाळा 1856 पासूनची, तर बेळगावचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत 1953 मध्ये स्थापन झाला. इतिहास एवढाच पुरे, कारण आपल्याला पाहायचे आहे ते चर्चच्या आतले नसून घरातले, आणि घरातल्या नाताळची सुरुवात चोवीस तारखेच्या बरीच आधी, मूठभर नाचणी भिजत घालण्यापासून होते.

(दृश्य : करवंट्यांमधील माती, त्यावर भिजलेली नाचणी पसरणारा हात.)

नाचणी रात्रभर भिजते, सकाळी ती निथळून करवंट्यांत आणि पत्र्याच्या जुन्या ताटलीत घातलेल्या भुसभुशीत मातीवर पसरली जाते, आणि वर मातीचा पातळ थर देऊन पाण्याचा हलका शिडकावा केला जातो. दहा-बारा दिवसांत बोटभर उंचीचे हिरवे रोप उभे राहते आणि तेच गोठ्याभोवतीचे कुरण होते. शेजारच्या घरात नवरात्रात घट बसवताना धान्य पेरतात ते याच रीतीने, आणि दिवाळीत मुले किल्ल्याच्या उतारांवर अळीव किंवा मोहरी टाकून हिरवळ उगवतात तीही याच रीतीने. बेळगावात दिवाळीचे किल्ले हा मुलांचा मोठाच उद्योग असतो, आणि गल्लीतल्या किल्ल्यावर चिखलात हात घातलेली ख्रिस्ती मुले दीड महिन्याने आपल्या घरी गोठा करायला बसतात तेव्हा त्यांना डोंगर कसा उभारावा आणि पोत्याला मातीचा लेप देऊन कडा कसा करावा, हे कुणी शिकवावे लागत नाही. या घरातील गोठ्याच्या मागचा डोंगर मला तर सरळसरळ एखाद्या गडासारखा दिसला. मी तसे म्हणताच दहा वर्षांच्या कारागिराने मान्य केले की बुरुज तेवढा पाडायचा राहिला आहे.

गव्हाणीतला बाळ येशू पुढे ठेवून नाताळचा देखावा उभारण्याची प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्याशी जोडली जाते. त्यांनी 1223 मध्ये इटलीतील ग्रेचो या गावी असा देखावा मांडला होता. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे आणि मेंढपाळही आहेत, पण गाय आणि गाढव यांचा तिथे उल्लेखही नाही. तरीही गोठ्यात गाय नाही असे खानापूरच्या शेतकरी घरात कोण चालू देईल? खानापूर हा मातीकामाचा आणि कौलांचा मुलूख आहे, त्यामुळे मूर्तींसाठी चांगली चिकण माती मिळायला अडचण नाही. बाजारात रंगवलेल्या तयार मूर्तींचे संच मिळतात आणि बहुतेक घरांत आता तेच असतात, परंतु या घरात मरिया आणि योसेफ विकतचे असले तरी मेंढपाळ घरी केलेले आहेत. त्यांच्या खांद्यावर घोंगडी आहे, डोक्याला तांबडा पटका आहे, आणि एकाच्या हातात काठीऐवजी आगकाडी आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढरे घेऊन येणारे धनगर ज्या मुलांनी पाहिले आहेत, त्यांना बेथलेहेमचे मेंढपाळ निराळे कुठून सुचणार?

गव्हाणी मात्र चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी राहते. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, आटोपून घरी परतल्यावर घरातले सर्वांत लहान मूल बाळ येशूची मूर्ती तिथे ठेवते. पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी पुरुष या वेळी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटावर असतात. ते रोज थोडे थोडे सरकत 6 जानेवारीला गोठ्यापाशी पोहोचतात, आणि त्यांना सरकवण्याचा हक्क कुणाचा यावरून भावंडांत दररोज वाद होतो.

(दृश्य : अंगणात कामट्या तासणारे गृहस्थ.)

नक्षत्राचे काम या घरात वडिलांकडे आहे. दाराबाहेर टांगायच्या ताऱ्याला इथे कुणी नक्षत्र म्हणतात, कुणी नुसते स्टार. दोन हात लांबीच्या, अगदी सारख्या मापाच्या दहा कामट्या लागतात. पाच कामट्या एकमेकींवरून आणि एकमेकींखालून घेत पाच टोकांची एक चांदणी बांधायची, तशीच दुसरी करायची, मग दोन्ही चांदण्या एकीवर एक ठेवून त्यांची पाचही टोके सुतळीने आवळायची. शेवटी मधल्या पंचकोनाच्या पाच कोपऱ्यांत वीतभर लांबीचे आधार आडवे खोवले की चपटी चांदणी दोन्ही बाजूंनी फुगते आणि तिला पोट येते. सगळे कौशल्य माप सारखे ठेवण्यात आहे. आमच्या छायाचित्रकाराने मोठ्या उत्साहाने केलेल्या चांदणीत एक कामटी दोन बोटे आखूड निघाली, आणि ती चांदणी शेवटपर्यंत एका पायाने लंगडत राहिली. गृहस्थांनी ती मोडू दिली नाही. मागच्या दाराला चालेल, असे म्हणून त्यांनी तीही टांगली.

कागद चिकटवण्यासाठी मैद्याची खळ करतात आणि तिला झुरळे व कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात, जसे आकाशकंदिलाच्या खळीत घालतात. पूर्वी आत चाळीस वॅटचा दिवा लावत असत आणि दर दोन-तीन वर्षांनी एखादी चांदणी करपत असे. आता पाच वॅटच्या एलईडी दिव्याने ती भीती गेली. प्लास्टिकचे घडीचे तारे बाजारात स्वस्त मिळतात हे खरे, पण पतंगी कागदातून झिरपणारा तांबूस उजेड त्यांना नाही, आणि अंगणात बसून कामट्या तासण्याच्या निमित्ताने बापलेकांत ज्या गप्पा होतात त्याही त्यांच्याबरोबर मिळत नाहीत.

(दृश्य : स्वयंपाकघर. परातीत मळलेले पीठ, ओल्या फडक्याखाली झाकलेले.)

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण नाताळचा खरा कारखाना तिथे आहे. नाताळच्या गोडधोडाला कॅथलिक घरांत एकत्रितपणे कुस्वार किंवा कुस्वाद म्हणतात, आणि त्यात नेवऱ्या, कुलकुल, दोदोल, पेरूची पेराद, गुलाबाच्या आकाराच्या तळलेल्या रोझ कुकीज, हरभरा डाळ व नारळाच्या वड्या, आणि अर्थातच केक, असे घराघरांनुसार कमीजास्त पदार्थ येतात. मराठी प्रोटेस्टंट घरांत याच डब्यांत करंज्या, चकल्या, शंकरपाळी आणि चिवडा दिसतो, आणि त्याला सरळ नाताळचा फराळ म्हणतात.

कुलकुल हे माणसे जमवणारे काम आहे. मैद्यात थोडा बारीक रवा, गरम तुपाचे मोहन, पिठीसाखर आणि नारळाचा जाड रस घालून, काही घरांत अंडेही फोडून, पीठ घट्ट मळतात आणि अर्धा तास मुरवतात. मग बोराएवढी गोळी घ्यायची, ती नव्या, धुतलेल्या फणीच्या दातांवर अंगठ्याने दाबून पातळ पसरवायची आणि एका टोकाकडून अलगद गुंडाळत आणायची. फणीच्या दातांच्या रेषा वरच्या बाजूला उमटतात आणि हातात एक छोटासा शिंपला तयार होतो. कोकणीत त्याला किडयो, म्हणजे किडे, असेही म्हणतात, आणि एकदा ते ऐकले की परातीत वळवळणाऱ्या अळ्यांशिवाय दुसरे काही दिसेनासे होते. गुंडाळीचे शेवटचे टोक नीट दाबले नाही तर कुलकुल तेलात उलगडतो. आजींची नजर नेमकी तिथेच असते.

"अगं, टोक दाब, टोक," त्या नातीला सांगतात. "नाहीतर कढईत नुसत्या पट्ट्या पोहतील."

"आजी, पट्ट्या पण गोडच लागतात की."

"मग त्या तू खा. शेजारी पाठवायच्या नाहीत."

अर्धा किलो मैद्याचे कुलकुल वळायला चार माणसांची एक दुपार सहज जाते. मंद आचेवर तळून झाले की ते साखरेच्या पक्क्या पाकात घोळवतात, आणि पाक अंगावर पांढरा होऊन सुकेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, असा नियम असतो. हा नियम कुणीच पाळत नाही.

दोदोल ही याहून सोशीक माणसाची गोष्ट आहे. तांदळाचे पीठ, नारळाचा रस आणि माडाचा काळा गूळ जाड बुडाच्या कढईत एकत्र करून ते मिश्रण कडा सोडेपर्यंत आणि नारळाचे तेल वर सुटेपर्यंत सतत ढवळावे लागते. यात तासांमागून तास जातात, म्हणून कालथा हातोहाती फिरतो. माडाचा गूळ गोव्याहून येणाऱ्या पाहुण्यांकडून मागवतात. तो वेळेवर आला नाही तर उसाच्या गुळावर भागवावे लागते, आणि उसाचा गूळ बेळगाव जिल्ह्यात मुबलक आहे. त्याचा दोदोल रंगाने फिका होतो. चवीलाही तो वेगळा लागतो, पण आजींच्या मते तो वाईट नसून "बेळगावी" असतो.

केकबद्दल जुन्या मंडळींची आठवण अशी की घरात ओव्हन नव्हता तेव्हा मिश्रण घरी फेटून, डब्यावर नावाची चिठ्ठी चिकटवून, ते डबे बेकरीच्या भट्टीत भाजायला नेत असत. एकदा चिठ्ठ्या धुराने काळ्या पडल्या आणि या घरी दुसऱ्याच कुणाचा केक आला. तो आपल्यापेक्षा चांगला होता, एवढेच आजींनी आम्हाला सांगितले.

(दृश्य : शेजारचे दार. वृंदावन, बाजूला झाकलेले ताट घेऊन उभी मुलगी.)

पंचवीस तारखेला सकाळी उपासना आटोपली की ताटे निघतात. प्रत्येक ताटात सगळ्या पदार्थांचे थोडे थोडे, वर केळे, आणि त्यावर क्रोशाने विणलेला रुमाल. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून आलेले फराळाचे ताट या घराने तेव्हा रिकामे परत न करता साखर घालून पाठवले होते, आणि आजच्या ताटातही काकू साखरच घालतील किंवा घरात असला तर कुंदा. नेवरी हातात घेऊन काकू म्हणतात, "ही तर करंजीच." आकार तोच, मुरड तीच, आणि कड कापणारे कातणही तेच, कारण या घरातले कातण दोन वर्षांपूर्वी हरवल्यापासून काकूंचेच इथे येते. सारणात मात्र फरक आहे. काकूंच्या करंजीत सुके खोबरे आणि खसखस, तर नेवरीत खवलेला नारळ, काजू आणि बेदाणे. म्हणून नेवरी आधी संपवावी लागते, करंजी दहा दिवस टिकते.

रात्री मुलांचे गट नाताळची गाणी म्हणत घरोघर फिरतात. मराठी घरांत ती हार्मोनियम आणि तबल्यावर, भजनाच्या चालीत म्हटली जातात, आणि नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तीला दिलेले अभंगाचे वळण तिथे आजही ऐकू येते.

(दृश्य : कॅम्प भाग. रस्त्याकडेला उभे पुतळे.)

नाताळ झाला तरी हातकाम संपत नाही. बेळगावच्या कॅम्प भागात याच दिवसांत ओल्ड मॅन तयार होत असतात. बांबूचा सांगाडा, आत पिंजर आणि रद्दी, अंगावर जुना कोट, तोंडाला रंगवलेला मुखवटा. सरत्या वर्षाचा हा म्हातारा 31 डिसेंबरच्या मध्यरात्री जाळतात. मुले असे पुतळे करून लहान-मोठ्या आकारानुसार विकतातही, आणि घेणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि इतर किती, याचा हिशेब त्या रात्री कुणी ठेवत नाही.

(दृश्य : 7 जानेवारी. ट्रंक पुन्हा रिकामी.)

सात तारखेला गोठा उतरतो. मेंढपाळ कापसात गुंडाळून बुटाच्या खोक्यात जातात, चांदणीचा फाटका कागद काढून सांगाडा माळ्यावर चढतो, आणि लंगडी चांदणी मात्र मागच्या दारालाच राहते. गोठ्यावरचे पिंजर आणि वाढून पिवळी पडू लागलेली नाचणी घेऊन नात परड्यात जाते. गाय आधी नाचणी खाते. आत आजी कातण घासून, पुसून, कागदात बांधून ठेवतात, कारण संक्रांतीच्या आत ते काकूंकडे परत पोहोचवायचे आहे.