अनोळखी यजमानाचा आसरा

श्रोतेहो, नमस्कार. ज्याला आपण कधी पाहिलेले नाही, ज्याच्याशी इंटरनेटवरून चार ओळींचाच काय तो पत्रव्यवहार झाला आहे, अशा माणसाच्या घरी एक पैसाही न देता उतरणारे प्रवासी आज जगभर आहेत. त्यांच्याविषयी बोलायचे, तर मला एक हकिकत सांगायलाच हवी.

साल होते 1999. केसी फेंटन या अमेरिकी तरुणाला बॉस्टनहून आइसलंडला जाणारे स्वस्त विमानतिकीट मिळाले. तिकीट हाती आले, पण उतरायचे कुठे, हा प्रश्न राहिला. हॉटेलात राहण्याची त्याची इच्छा नव्हती. हॉटेलच्या खोलीतून देश कळत नाही, असे माझेही ठाम मत आहे. खिडकीबाहेरचे शहर बदलते, आतली खोली मात्र सगळीकडे तीच असते. तेव्हा फेंटनने काय केले? त्याने आइसलंड विद्यापीठातील सुमारे 1500 विद्यार्थ्यांना ईमेल पाठवून विचारले, की मला तुमच्याकडे राहता येईल का? त्यांतील एकाशीही त्याची ओळख नव्हती. तरीही 50हून अधिक जणांनी त्याला घरी बोलावले. पुन्हा सांगतो, 1500 अनोळखी माणसांना विचारले आणि 50हून अधिक जणांनी दार उघडण्याची तयारी दाखवली.

ही हकिकत सांगताना लोक त्या होकारांवरच थांबतात. मला मात्र उरलेल्या चौदाशेच्या आसपास विद्यार्थ्यांविषयीही तितकाच आदर वाटतो, कारण त्यांना न विचारता त्यांच्यापुढे ही विनंती येऊन पडली होती आणि गप्प राहण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. यातूनच पुढची कल्पना निघाली: ज्यांना पाहुणा हवा आहे, त्यांनीच आपले नाव नोंदवावे आणि प्रवाशाने त्यांनाच विचारावे. 2004मध्ये फेंटन आणि त्याच्या साथीदारांनी त्यासाठी ‘काउचसर्फिंग’ हे संकेतस्थळ सुरू केले. 2006च्या उन्हाळ्यात त्याची माहिती साठवणारी यंत्रणा इतकी कोलमडली, की फेंटनने सदस्यांना सगळे संपल्याचे कळवून टाकले. परंतु सदस्यांनी ते मान्य केले नाही आणि कॅनडातील माँट्रियलमध्ये जमलेल्या स्वयंसेवकांनी ते संकेतस्थळ पुन्हा उभे केले. 2020मध्ये तिथे शुल्क लागू झाले, आणि यजमान व पाहुण्यांनी एकमेकांविषयी लिहिलेले, वर्षानुवर्षे जमवलेले अभिप्रायही पैसे न भरणाऱ्या जुन्या सदस्यांना दिसेनासे झाले, याचे म्हणूनच मला मनापासून वाईट वाटते. ‘बीवेलकम’ हे स्वयंसेवकांनी चालवलेले संकेतस्थळ आजही विनामूल्य आहे.

इंटरनेटच्या कितीतरी आधी, 1949मध्ये, डेन्मार्कमध्ये सुरू झालेल्या ‘सर्वास’ या शांततावादी चळवळीत प्रवाशाची आधी मुलाखत होते, मग त्याला परिचयपत्र मिळते, आणि यजमानाकडचा मुक्काम साधारणपणे दोन रात्रींचा असतो. दोन रात्रींची ही मर्यादा मला फार शहाणपणाची वाटते.

आता आपण विनंती कशी करावी? यजमानाने स्वतःविषयी लिहिलेले पूर्ण वाचावे आणि त्याच्यासाठीच स्वतंत्र पत्र लिहावे. एकच मजकूर वीस जणांना पाठवणे हा त्यांचा अवमान आहे. अभिप्राय वाचताना केवळ स्तुती मोजू नये. दोन्ही बाजू एकमेकांविषयी लिहीत असल्यामुळे लोक कटू गोष्टी टाळतात, म्हणून अभिप्राय किती तपशीलवार आहे आणि आपल्यासारख्याच प्रवाशाने, विशेषतः एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रीने, काय लिहिले आहे, ते पाहावे. झोपण्याची जागा स्वतंत्र आहे की सामाईक, हे आधीच स्पष्ट विचारावे. यजमानाचे नाव व पत्ता घरच्यांना कळवावा. आणि हे मी दोनदा सांगतो: एका रात्रीच्या भाड्याइतके पैसे वेगळे ठेवावेत, एका रात्रीच्या भाड्याइतके. ते जवळ असले, तर मनाला खटकताच कारण न देता तिथून निघता येते. ते नसले, तर यजमानाची मर्जी सांभाळत राहावे लागते, आणि मग तो पाहुणचार उरत नाही.

बेत बदलला, तर यजमानाला लगेच कळवावे. आपल्यासाठी त्याने आपली संध्याकाळ मोकळी ठेवलेली असते. नमस्कार.