ॲलनबाई आणि मतपत्रिकेची मागची बाजू

(अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडच्या मराठी मंडळाच्या कोजागिरी मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून.)

नमस्कार मंडळी. दूध आटायला अजून अर्धा तास आहे असं स्वयंपाकघरातून कळलंय. तेवढ्या वेळात मला आपल्या क्लीव्हलंडच्या एका बाईंबद्दल सांगायचंय. मराठीशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण येत्या नोव्हेंबरात तुम्ही-आम्ही जे करणार आहोत, किंवा आळसापोटी करायचं टाळणार आहोत, त्याच्याशी मात्र फार जवळचा आहे.

आधी माझी गोष्ट. नागरिकत्वाची शपथ घेतल्यानंतरचा पहिला नोव्हेंबर. शाळेच्या जिममध्ये मतदान होतं. मी आठवडाभर अभ्यास करून गेले होते. राष्ट्राध्यक्ष, सिनेटर, शाळेसाठीचा कर, सगळं ठरलेलं. समोरची बाजू भराभर झाली. कागद उलटला तर मागे जज्जांच्या नावांची ही रांग! काउंटी कोर्ट, अपील कोर्ट, ओहायोचं सुप्रीम कोर्ट. एकही नाव ओळखीचं नाही. आपल्याकडे जज्ज निवडून देतात हे कधी ऐकलंय का आपण? नाशिकच्या कोर्टात उभी हयात घालवलेल्या माझ्या मामांना फोनवर सांगितलं तर त्यांना ते खरंच वाटेना. मी मागची बाजू तशीच कोरी ठेवली आणि कागद मशीनमध्ये सरकवला. संध्याकाळी आठवीतल्या लेकीने विचारलं, "आई, मागची बाजू केलीस ना?" मी नाही म्हटलं. ती काही बोलली नाही, पण मला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन बसले, आणि तिथे मला ॲलनबाई भेटल्या.

फ्लॉरेन्स एलिनवुड ॲलन. जन्म २३ मार्च १८८४, सॉल्ट लेक सिटी, युटा. वडील मूळचे ग्रीक-लॅटिनचे प्राध्यापक. ते पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, युटा राज्याचे पहिले प्रतिनिधी झाले. आईही त्या काळाच्या मानाने खूप शिकलेली, सार्वजनिक कामात बुडालेली. युटात बायकांना मताचा हक्क १८७० मध्ये मिळाला होता. १८८७ मध्ये तो काढून घेतला गेला आणि १८९६ मध्ये राज्य झाल्यावर परत मिळाला. तेव्हा फ्लॉरेन्स अकरा-बारा वर्षांची होती. मताचा हक्क मिळतो, जातो आणि झगडून परत आणता येतो, हे तिने घरातच पाहिलं होतं.

तिला व्हायचं होतं पियानोवादक. इथल्या वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातून १९०४ मध्ये पदवी घेतली आणि ती संगीत शिकायला बर्लिनला गेली. तिथे हाताची नस दुखावली आणि पियानो सुटला. परत येऊन ती क्लीव्हलंडच्या 'प्लेन डीलर' या वर्तमानपत्रात संगीत समीक्षा लिहू लागली. लिहिता लिहिता राज्यशास्त्रात एम.ए. केलं, आणि तिथून कायद्याची ओढ लागली.

इथे बसलेल्यांपैकी कितीजण केस वेस्टर्न रिझर्व्हमध्ये शिकले, किती शिकवतात! त्या काळी तिथल्या विधी महाविद्यालयात मुलींना प्रवेशच नव्हता. मग ॲलनबाई शिकागोला गेल्या, वर्षभर तिथे शिकल्या आणि तिथून न्यूयॉर्कला आल्या. शिक्षणाचा खर्च भागवायला त्यांनी जी नोकरी धरली ती मला फार जवळची वाटते. नव्याने बोटीतून उतरलेल्या परदेशी लोकांची फसवणूक होऊ नये म्हणून काम करणाऱ्या एका संस्थेत त्या होत्या. म्हणजे आपल्यासारख्यांच्याच कामाला. १९१३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून त्या वर्गात दुसऱ्या आल्या. १९१४ मध्ये ओहायोत वकिलीची सनद घेतली आणि क्लीव्हलंडमध्ये स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं. अशील फारसे नव्हते, त्यामुळे गरिबांना फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेत जाऊन काम करत.

त्याच्या आधीपासून त्या स्त्रियांच्या मताधिकारासाठी फिरत होत्या. १९१२ मध्ये ओहायोच्या राज्यघटनेत बेचाळीस दुरुस्त्या लोकांपुढे मताला टाकल्या गेल्या. त्यातल्या चौतीस मंजूर झाल्या, आणि बायकांच्या मताची दुरुस्ती पडली. १९१४ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा पडली. गावोगाव, चौकाचौकात उभं राहून केलेली भाषणं वाया गेली असं कुणालाही वाटलं असतं.

मग आली ईस्ट क्लीव्हलंडची केस. मी रोज युक्लिड ॲव्हेन्यूने ईस्ट क्लीव्हलंडमधून कामाला जाते. बंद दुकानं, मोठमोठी जुनी घरं, आणि आपण खिडक्या वर करून पुढे निघून जातो. पण १९१६ मध्ये या गावाने आपल्या नगरपालिकेच्या निवडणुकीत बायकांना मतदान करू दिलं. राज्याने नाही दिलं तर नाही, आम्ही देतो, असं. ते कायदेशीर आहे का यावर भांडण थेट ओहायोच्या सुप्रीम कोर्टात गेलं. राज्याच्या राजधानीत, कोलंबसला जाऊन गावाची बाजू मांडली ती तीन वर्षांपूर्वी सनद घेतलेल्या या वकीलबाईंनी. १९१७ मध्ये त्या जिंकल्या. ज्या कोर्टापुढे त्या तेव्हा उभ्या होत्या, त्याच कोर्टात पुढच्या सहा वर्षांच्या आत त्या वरच्या खुर्चीवर जाऊन बसल्या.

ते कसं झालं, हे सांगण्यासाठीच मी आज उभी आहे.

१९१९ मध्ये त्या कायहोगा काउंटीच्या सहायक सरकारी वकील झाल्या. ऑगस्ट १९२० मध्ये एकोणिसावी घटनादुरुस्ती संमत झाली आणि देशभरातल्या बायकांना मत मिळालं. निवडणूक नोव्हेंबरात, म्हणजे हातात जेमतेम दहा आठवडे. पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेऱ्या तोवर उरकून गेल्या होत्या, त्यामुळे कुठल्याही पक्षाचं तिकीट मिळण्याचा प्रश्नच उरला नव्हता. मताधिकाराच्या चळवळीतल्या बायकांनी अर्जावर सह्या गोळा करायला सुरुवात केली. दारोदार जाणं त्यांच्या अंगवळणी पडलेलंच होतं. ॲलनबाई अपक्ष उभ्या राहिल्या आणि कॉमन प्लीज कोर्टावर, म्हणजे काउंटीच्या मुख्य कोर्टावर, निवडून आल्या. अशा पूर्ण अधिकाराच्या कोर्टावर निवडून आलेली ती या देशातली पहिली स्त्री.

मला नेहमी वाटतं, त्या नोव्हेंबरात पहिल्यांदा मतदानाला गेलेल्या क्लीव्हलंडच्या बायकांपैकी कुणी माझ्यासारखी असती तर? राष्ट्राध्यक्षाला मत दिलं, खूप झालं, जज्जांचं आपल्याला काय कळतंय, असं म्हणून घरी गेली असती तर? त्या गेल्या नाहीत. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचला.

कोर्टातल्या पुरुष जज्जांनी मोठ्या मनाने सुचवलं की बाईंनी घटस्फोटाची प्रकरणं पाहावीत. ॲलनबाईंनी नकार दिला. मी अविवाहित आहे, तुम्ही सगळे संसारी, तेव्हा संसाराचे खटले तुम्हालाच जास्त कळतील, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर होतं. मग त्यांच्यापुढे फौजदारी खटले आले, आणि ते साधेसुधे नव्हते. पगाराची रोकड लुटताना दोघांचा खून करणाऱ्या टोळीतल्या फ्रँक मोटोला १९२१ मध्ये त्यांनी देहदंडाची शिक्षा सुनावली. त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या येत होत्या, तरी त्या रोज कोर्टात येत राहिल्या. त्याच सुमाराला क्लीव्हलंडच्या नगर न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश मॅकगॅनन खुनाच्या आरोपातून सुटले, पण खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरले. त्यांना तुरुंगाची शिक्षा सुनावली ती ॲलनबाईंनी. पदावर येऊन वर्ष झालं नाही तोच आपल्याच शहरातल्या एका मुख्य न्यायाधीशाला तुरुंगात धाडायचं, याला काय लागत असेल!

१९२२ मध्ये त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टासाठी उभ्या राहिल्या. पुन्हा अपक्ष, पुन्हा सह्या. जुन्या चळवळीतल्या बायकांनी जागोजागी ॲलन क्लब काढले, आणि पुन्हा विजय. अमेरिकेत कुठल्याही राज्याच्या सुप्रीम कोर्टावर बसलेली ती पहिली स्त्री. १९२८ मध्ये त्या दुसऱ्यांदा निवडून आल्या. आपल्या क्लीव्हलंडने नव्याने आणलेली शहर-व्यवस्थापकाची पद्धत (शहराचा कारभार नेमलेल्या व्यवस्थापकाकडे देण्याची) घटनेत बसते, असं ठरवणारं १९२३ चं निकालपत्र त्यांचंच.

इथे थोडं थांबून मागे वळून बघूया. त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? १९२१ मध्ये मुंबई प्रांतात बायकांना कायदेमंडळासाठी मताचा हक्क मिळाला, मालमत्तेच्या अटीवर का होईना. नाशिकमध्ये जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्येच ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली होती. पण हिंदुस्थानात बायकांना वकिली करायला मोकळीक देणारा कायदा व्हायला १९२३ साल उजाडलं. मुंबई हायकोर्टात मिठन लाम वकील म्हणून उभ्या राहिल्या त्या त्यानंतर. त्याच हायकोर्टाच्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती सुजाता मनोहर, १९७८ मध्ये. १९९४ मध्ये त्या तिथल्या मुख्य न्यायमूर्ती झाल्या आणि त्याच वर्षी दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचा जन्म १९३४ चा, आणि योगायोग असा की ॲलनबाईंच्या आयुष्यालाही त्याच वर्षी नवं वळण लागलं.

१९३४ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना सिनसिनाटीच्या सहाव्या सर्किटच्या, म्हणजे ओहायोसह काही राज्यांची अपिलं ऐकणाऱ्या, संघीय अपील कोर्टावर नेमलं. तिथेही पहिल्याच. बातमी ऐकून तिथल्या एका न्यायाधीशांनी दोन दिवस अंथरूण धरलं, असं सांगतात. दुपारी सगळे न्यायाधीश ज्या क्लबात जेवायला जात, तिथे बायकांना मज्जाव होता. खटला ऐकताना शेजारी बसायचं, निकालावर एकत्र डोकं लावायचं, आणि बारा वाजले की बाकीचे क्लबात, बाई वेगळ्या. हे मला जिवे मारण्याच्या धमक्यांपेक्षाही अवघड वाटतं. कारण धमकी एक दिवस येते, जेवणाची वेळ रोज येते. चोवीस-पंचवीस वर्षं त्या तिथे टिकल्या आणि शेवटी त्याच कोर्टाच्या मुख्य न्यायाधीश झाल्या.

त्यांचा सर्वांत मोठा खटला टेनेसी व्हॅली प्राधिकरणाचा. धरणं बांधून सरकारने वीज विकणं घटनेत बसत नाही, असं म्हणत अठरा खासगी वीज कंपन्या कोर्टात आल्या होत्या. तीन न्यायाधीशांच्या पीठाचं नेतृत्व ॲलनबाईंकडे होतं. जानेवारी १९३८ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. आपल्यातले जे वीज क्षेत्रात आहेत त्यांना त्या निकालाचं वजन मी सांगायला नको.

अपयशंही आली. १९२६ मध्ये सिनेटसाठी आणि १९३२ मध्ये काँग्रेससाठी त्या उभ्या राहिल्या आणि दोन्ही वेळा हरल्या. पहिल्या महायुद्धाने त्यांचे दोन भाऊ नेले होते. युद्धालाच बेकायदा ठरवावं यासाठी त्या आयुष्यभर बोलत राहिल्या, आणि दुसरं महायुद्ध त्यांना बघावं लागलं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या काळात त्यांचं नाव देशाच्या सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आलं, पण ते झालं नाही. तिथे पहिली स्त्री बसली १९८१ मध्ये, आणि ॲलनबाई १९६६ मध्येच गेल्या होत्या.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. १९३४ मध्ये त्यांनी ओहायोचं सुप्रीम कोर्ट सोडलं, आणि तिथे दुसरी स्त्री आली १९८१ मध्ये. मध्ये सत्तेचाळीस वर्षं. दार एकदा उघडलं म्हणजे ते उघडंच राहतं असं नाही.

जज्ज निवडून द्यावेत का, याबद्दल माझ्या मनात शंका आहेतच. निवडणूक म्हटली की पैसा आला, जाहिराती आल्या, आणि आजचा जज्ज उद्या ज्यांच्याकडे देणगी मागणार त्यांचेच खटले ऐकणार, हे मला पटत नाही. मामांना ते का पटलं नाही हेही मला समजतं. पण १९२२ च्या ओहायोत कुठल्या गव्हर्नरने एका अविवाहित, अपक्ष बाईला सुप्रीम कोर्टावर नेमलं असतं? तिला तिथे बसवलं ते अशा लोकांनी, ज्यांच्या हातात मत येऊन दोन वर्षं झाली होती. आपल्यापैकी किती जणांच्या हातात ते येऊन दोन, पाच, दहा वर्षं झाली? हात वर करा बघू. बघा, निम्मं सभागृह!

आपल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टात सात जण असतात, प्रत्येकाची मुदत सहा वर्षं. शाळांचा पैसा, मतदारसंघांच्या सीमा, डॉक्टरांवरचे दावे, सगळं शेवटी त्यांच्यापुढे जातं. २०२२ पासून सुप्रीम कोर्ट आणि अपील कोर्टाच्या उमेदवारांपुढे पक्षाचं नाव छापलेलं असतं, काउंटी कोर्टाच्या उमेदवारांपुढे अजूनही नसतं. म्हणजे तिथे खरंच घरी बसून वाचून जावं लागतं. मी आता एक रविवार त्यासाठी राखून ठेवते. चहा, लॅपटॉप, आणि शेजारी लेक, जी यंदा पहिल्यांदा मत देणार आहे.

दूध झालं अशी खूण होतेय. बाहेर चपला काढल्या आहेत त्या टेबलाजवळ कार्यकारिणीतल्या दोघीजणी लॅपटॉप घेऊन बसल्या आहेत. तुमचा पत्ता सांगा, त्या तुमच्या वॉर्डाची नमुना मतपत्रिका काढून देतील. दोन्ही बाजूंची.